दोन मोटरच्या अक्षाचे लिमिट स्विच: होमिंगला गँट्री तिरकी होते तेव्हा काय तपासायचं

पॅटर्न शॉपमधल्या, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने बनतात तिथल्या, सीएनसी राउटरसाठी (संगणकावर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनसाठी) मला सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती या एकाच बिघाडाची. गँट्री म्हणजे टेबलावरून सरकणारा आडवा पूल. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मोटर, दोन्हीकडं टोक आल्याचं कळवणारा एकेक लिमिट स्विच, आणि होमिंग केलं, म्हणजे सुरुवातीची जागा शोधायला तिला स्विचपर्यंत नेलं, की गँट्री गुण्यात (काटकोनात) यायची सोडून तिरकी. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सॉफ्टवेअर बिघडलंय." सॉफ्टवेअर क्वचितच बिघडलेलं असतं. कुठला स्विच कुठल्या मोटरला थांबवतो, हे कुणी हातानं तपासलेलंच नसतं. सगळी मेख तिथं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींना पॅटर्न देणाऱ्यांसाठी हा किरकोळ प्रश्न नाही. पॅटर्नचे दोन अर्धे भाग एकाच मशीनवर, सपाट बाजू खाली ठेवून कापले जातात आणि नंतर समोरासमोर जोडले जातात. मशीन १ मिमी तिरकी असेल तर एका भागात ती चूक डावीकडं जाते, उलटवलेल्या भागात उजवीकडं. पार्टिंग लाइनवर, म्हणजे दोन भागांच्या जोडावर, २ मिमीचा फरक दिसतो आणि फौंड्रीवाला म्हणतो, कास्टिंगला मिसमॅच आहे. मग साच्याच्या पिना तपासतात, बुश बदलतात. मूळ दोष राउटरच्या होमिंगमध्ये बसलेला असतो.

खाली मी वाय अक्षावर, म्हणजे गँट्री पुढं-मागं जाते त्या दिशेला, दोन मोटर आहेत असं धरलंय. सेटिंगचे आकडे मुख्यतः जीआरबीएल या कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरचे आहेत (त्यातली सेटिंग $ आणि नंबर अशी लिहितात), कारण आपल्याकडच्या छोट्या मशीनवर तेच जास्त दिसतं. फ्लुइडएनसी आणि मार्लिन या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं जिथं वेगळं आहे तिथं सांगितलंय. कंट्रोलर दुसरा असला तरी तपासणीचा क्रम हाच ठेवा.

लक्षणं

यातलं आपलं कुठलं, ते आधी ठरवा. पुढचा वेळ वाचतो.

- होमिंगला एक बाजू अधांतरीच थांबते, दुसरी आपल्या स्विचवर जाऊन धडकते आणि मोटर टरटर करत राहते.
- एका बाजूचा स्विच लागला की दोन्ही बाजू एकदम थांबतात. दुसऱ्या बाजूचा स्विच नुसता शोभेला.
- होमिंग सुरळीत होतं, पण कापलेल्या चौकोनाचे दोन कर्ण सारखे येत नाहीत.
- होमिंग मध्येच सुटतं. अलार्म ८, ९ किंवा १० येतो.
- होमिंग ठीक, पण स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) चालू असताना मधेच लिमिटचा अलार्म येतो आणि जॉब वाया जातो.
- सकाळी गुण्यात असलेली मशीन दुपारपर्यंत सरकते.

पहिलं लक्षण दिसलं की पुन्हा पुन्हा होम दाबून बघू नका. गँट्री पिळली जाते, बेअरिंग ब्लॉकवर आडवा ताण येतो, आणि स्विचच्या दुखण्याचं रेलचं दुखणं होतं.

आधी एवढं करा

टूल काढा. गँट्री हातानं किंवा जॉगनं (बटण दाबून थोडीथोडी हलवत) टेबलाच्या मध्यावर आणा. इमर्जन्सी स्टॉपवर एक माणूस उभा करा, आणि त्यानं तिथून हलायचं नाही. होमिंगचा शोधाचा वेग, म्हणजे $२५, खाली आणा. मूळ आकडा ५०० असतो, बऱ्याच जणांनी तो २००० वगैरे करून ठेवलेला असतो. तपासणीपुरता ३०० पुरे. मिनिटाला ३०० मिमी म्हणजे सेकंदाला ५ मिमी. चुकलं तरी हात पोचतो.

१. डोळ्यांनी बघा, ब्रशनं झाडा

फुकटचं काम, म्हणून पहिलं. एमडीएफचा भुसा लिव्हरच्या खाली घट्ट बसतो आणि स्विच अर्धवट दाबलेला राहतो. फौंड्रीच्या आवारातच राउटर असेल तर काळी वाळू येते, ग्राइंडिंगची लोखंडी धूळ येते. प्रॉक्सिमिटी सेन्सर असेल तर त्याच्या तोंडावर साठलेल्या लोखंडी कणांनाच तो 'धातू आला' समजतो. ब्रश मारा, कापडानं पुसा. हवेचा पाइप मारू नका, भुसा आणखी आत जातो.

स्विचची पट्टी बोटानं हलवून बघा. हलली तर तिचे स्क्रू आवळल्याशिवाय पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही. लांब लिव्हरचा स्विच असेल तर लिव्हर वाकलेला आहे का तेही बघा. दोन बाजूंचे स्विच एकाच जातीचे असावेत. एकीकडं रोलरचा, दुसरीकडं साधा, अशी जोडी आयुष्यभर थोडीथोडी सरकत राहते.

२. स्विच कंट्रोलरला दिसतो का

मशीन थांबलेली असताना एकेक स्विच हातानं दाबा आणि स्क्रीनवर बघा. जीआरबीएलमध्ये प्रश्नचिन्ह पाठवलं की स्थितीच्या ओळीत लागलेल्या लिमिटचं अक्षर दिसतं. मार्लिनमध्ये एम११९ दिलं की प्रत्येक एन्डस्टॉपची वेगळी ओळ येते, दुसऱ्या मोटरचीसुद्धा.

काहीच दाबलेलं नसताना 'लागला' दाखवत असेल तर पिनचं उलट-सुलट सेटिंग चुकलंय. जीआरबीएलमध्ये ते $५. तिथं एक मर्यादा लक्षात ठेवा: $५ सगळ्या लिमिट पिनांना एकदमच लागू होतं. त्यामुळं एक स्विच एनसीवर (दाबला की सर्किट तुटतं) आणि दुसरा एनओवर (दाबला की सर्किट जुळतं) जोडला असेल तर कुठलंही सेटिंग दोघांना पुरत नाही. वायरच बदलावी लागते.

वायर बदलायचीच असेल तर सगळे स्विच एनसीवर घ्या. एनसीमध्ये वायर तुटली किंवा कनेक्टर निसटला की कंट्रोलरला स्विच 'लागलेला' दिसतो आणि मशीन हलायलाच नकार देते. एनओमध्ये वायर तुटली तर काहीच कळत नाही, कळतं ते धडक बसल्यावर.

ईएसपी३२ चिपच्या बोर्डवर आणखी एक खोच आहे. ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतला पुलअप, म्हणजे स्विच उघडा असताना पिनला व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर, नाही. बोर्डवर बाहेरून रेझिस्टर नसेल तर त्या पिनवरचा स्विच वाऱ्यावर सोडल्यासारखा वागतो, कधी लागलेला, कधी सुटलेला. कॉन्फिगमध्ये पुलअप लिहून उपयोग नाही. १० किलो-ओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडा. ५ व्होल्टला नव्हे, ती पिन ५ व्होल्टची नाही.

३. कुठला स्विच कुठल्या मोटरला थांबवतो

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं इथंच मिटतात. म्हणून ही तपासणी सावकाश करा.

मशीन बेल्टची असेल तर गँट्री मध्यावर ठेवून करता येते. बॉलस्क्रूची असेल तर दोन्ही मोटरकडचे कपलिंगचे स्क्रू ढिले करा, म्हणजे मोटरचा शाफ्ट फिरेल पण गँट्री हलणार नाही. रॅक-पिनियन असेल तर पिनियन रॅकवरून सोडवा. बॉलस्क्रूवरची ताठ गँट्री ५ मिमी जरी पिळली तरी तिला सोसत नाही. हे ढिलं करायचा आळस महागात पडतो. आणि एक: वीज चालू असताना मोटरचा प्लग ड्रायव्हरमधून (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटमधून) काढू नका, ड्रायव्हर जातो.

दोन्ही मोटरच्या शाफ्टवर मार्करनं एकेक रेघ ओढा. होमिंग सुरू करा. आधी झेड वर जाईल, मग वायची पाळी येईल. दोन्ही रेघा फिरायला लागल्या की लाकडी पट्टीनं डावा स्विच दाबून धरा. डावी मोटर थांबली पाहिजे, उजवी चालू राहिली पाहिजे. लगेच उजवा दाबा, तीही थांबली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये मी डावा स्विच दाबला आणि स्टॉपवर उभा असलेला पोरगा ओरडला, "दादा, उजवी थांबली की!" केबल चेन बदलताना दोन कनेक्टरांची अदलाबदल झाली होती. दोन्ही सारखेच पांढरे, दोन्हीवर नाव नाही. आदल्या इंजिनिअरनं मात्र नवा कंट्रोलर घ्यायला सांगितलं होतं.

अदलाबदल निघाली तर वीज बंद करून स्विचचे दोन कनेक्टर एकमेकांच्या जागी लावा, किंवा कॉन्फिगमध्ये दोन पिनांचे नंबर बदला. मोटरच्या वायर बदलू नका. समोरासमोर बसवलेल्या मोटर पुष्कळदा उलट दिशेनं फिरवलेल्या असतात. त्या बदलल्या तर स्विच सुधारेल आणि दिशा बिघडेल.

दुसरं काही दिसलं तर:

एक स्विच दाबल्यावर दोन्ही मोटर थांबतात. म्हणजे कंट्रोलरच्या लेखी ती एकच मोटर आहे. साध्या सीएनसी शील्डवर जंपर लावून चौथा ड्रायव्हर वायची नक्कल करतो. दोघांना तेच पल्स जातात, मग स्विच चार लावले तरी गँट्री आपोआप सरळ होणार नाही. एकाच ड्रायव्हरवर दोन मोटर जोडल्या असतील तरी तेच. जीआरबीएलमध्ये ही सोय १.१एच आवृत्तीत आहे, पण ती कोड कंपाइल करतानाच चालू करावी लागते, डॉलरच्या सेटिंगमध्ये मिळत नाही. तिथं दुसऱ्या मोटरचा लिमिट मूळ रचनेत झेडच्या लिमिट पिनवरच येतो, हे वायरिंग करणाऱ्याला माहीत नसतं. फ्लुइडएनसीमध्ये वाय अक्षाखाली 'मोटर०' आणि 'मोटर१' असे दोन भाग असतात आणि लिमिटची पिन दोन्हींत स्वतंत्र लिहावी लागते. एकाच भागात लिहिली की एकाच स्विचवर काम उरकतं.

एकही मोटर थांबत नाही. मग दुसऱ्या पायरीवर परत जा.

४. अलार्मचा आकडा वाचा

अलार्म ९ म्हणजे शोधायच्या अंतरात स्विच सापडला नाही. जीआरबीएल अक्षाच्या नोंदवलेल्या लांबीच्या दीडपट अंतर शोधतो. $१३१ मध्ये मूळचे २०० तसेच राहिले असतील आणि टेबल १२०० चं असेल, तर ३०० मिमी गेल्यावर तो हात टेकतो. गँट्री स्विचजवळ असताना होमिंग होतं आणि लांब असताना होत नाही, हे याचंच लक्षण. खरी लांबी भरा, झालं.

अलार्म ८ म्हणजे मागं सरकूनही स्विच सुटला नाही. हे मागं सरकायचं अंतर म्हणजे पुलऑफ, $२७. त्याचा मूळ आकडा १ मिमी आहे, लिव्हरच्या स्विचला तो अपुरा पडतो. ३ करून बघा.

अलार्म १० दोन मोटरच्या अक्षाचाच. एक बाजू लागली, पण ठरलेल्या अंतरात दुसरी लागली नाही. हे अंतर मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २५ मिमी असतं. ते मुद्दाम ठेवलंय, गँट्री जास्त पिळू नये म्हणून. काही जण कोडमध्ये हा आकडा वाढवतात. वाढवू नका, स्विच जवळ आणा.

५. ग्रब स्क्रू आणि डिप स्विच

'सकाळी ठीक, दुपारी सरकली' यात स्विचचा दोष सहसा नसतो. पुलीचा किंवा कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला असतो. शाफ्टवर आणि पुलीवर मिळून एकच आडवी रेघ ओढा, अर्धा दिवस काम करा, रेघ तुटली का बघा. तुटली असेल तर स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर आणून लॉकटाइट लावून आवळा.

ड्रायव्हर उघड्यावर असतील तर दोन्हींचे डिप स्विच (सेटिंगची बारीक बटणं) शेजारीशेजारी धरून बघा. जळालेला ड्रायव्हर बदलताना मायक्रोस्टेप (मोटरच्या एका स्टेपचे किती भाग करायचे ते) वेगळे राहिले तर एक बाजू दुसरीच्या दुप्पट किंवा निम्मी चालते. हे लपून राहत नाही, पहिल्याच जॉगला गँट्री अडकते. करंटचे डिप वेगळे असले तर मात्र लपतं. अशक्त बाजू फक्त जोराच्या कटिंगला स्टेप सोडते.

६. वायर

मल्टीमीटर बीपवर ठेवा, कंट्रोलरकडचं टोक सुटं करा, एनसीच्या जोडीला लावा. बीप चालू असताना दुसऱ्यानं केबल चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवायची. बीप तुटला की तिथं आत वायर मोडलीय. घरगुती फिटिंगची वायर चेनमध्ये टिकत नाही, अनेक बारीक तारांची लवचीक केबल घ्या. जोड चेनच्या आत देऊ नका.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हा बिघाड वाढतो, त्यालाही कारण आहे. ५ व्होल्टच्या इनपुटला आतला पुलअप २० ते ५० किलो-ओहमचा असतो, म्हणजे स्विचमधून ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर जातो. दमट हवेत कॉन्टॅक्टवर बसलेला ऑक्साइडचा पापुद्रा एवढ्याशा करंटनं जळत नाही. मोठ्या लोडचा स्विच मजबूत म्हणून लावला तर उलट जास्त त्रास देतो. सोन्याच्या मुलाम्याचे कॉन्टॅक्ट असलेला छोटा स्विच घ्या, किंवा २४ व्होल्टवर ऑप्टोकपलर टाकून कंट्रोलरला सिग्नल द्या. दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण त्यानं पुढच्या पायरीतलं दुखणंही कमी होतं.

प्रॉक्सिमिटी सेन्सर असेल तर त्याला बहुधा ६ ते ३६ व्होल्ट लागतात, आणि त्याचं आउटपुट थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडायचं नसतं. शिवाय ४ मिमीचा सेन्सर म्हणजे लोखंडापुढं ४ मिमी. ॲल्युमिनियमच्या प्लेटपुढं ते अंतर निम्म्याहूनही कमी होतं. समोर लोखंडी स्क्रू लावा.

७. स्पिंडल चालू केल्यावरच अलार्म येतो

स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्रॅम हवेत चालवा. अलार्म आला नाही तर व्हीएफडीचा, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचा, विद्युत गोंगाट लिमिटच्या वायरवर येतोय. लिमिटची केबल आणि स्पिंडलची केबल वेगळ्या करा. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. शील्डची केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला, अर्थ करा. दोन्ही टोकं अर्थ केली तर शील्डमधूनच करंट फिरायला लागतो. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डजवळ लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

हार्ड लिमिट, म्हणजे $२१, बंद करून काम भागवणारे बरेच आहेत. दोष शोधेपर्यंत ठीक. कायमचं केलंत तर स्विच फक्त होमिंगपुरते उरतात.

८. शेवटचा गुण्या: कर्ण मोजा

वरचं सगळं नीट झाल्याशिवाय इथं येऊ नका. ढिल्या पुलीवर काढलेला आकडा उद्या खोटा ठरतो.

टेबलावर चार भोकं मारा, एक्समध्ये ६०० आणि वायमध्ये ८०० मिमी अंतरावर. मशीन गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण १००० भरतील. समजा एक १००१ आणि दुसरा ९९९ आला. फरक २, बेरीज २०००. त्यांचा गुणाकार वायच्या लांबीच्या चौपटीनं, म्हणजे ३२०० नं, भागा. १.२५ मिमी. ही ६०० मिमी रुंदीतली चूक झाली. दोन मोटरमधलं अंतर ९०० असेल तर त्याच प्रमाणात १.८७५, म्हणजे साधारण १.९ मिमी.

आता बाजू ठरवा. पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्या कोपऱ्याकडं जाणारा कर्ण मोठा असेल तर उजवी बाजू मागच्या टोकाकडं जास्त गेलीय, म्हणजे वायच्या वाढत्या दिशेला. होम पुढच्या टोकाला असेल तर स्विचपासून सुटताना गँट्री मागच्या टोकाकडं जाते. म्हणून डावीचा पुलऑफ १.९ नं वाढवा, ती उजवीच्या रेषेत येईल. उजवीचा कमी केला तरी गणित तेच, पण मग स्विच सुटायला जागा उरत नाही आणि अलार्म ८ मागं लागतो. होम मागच्या टोकाला असेल तर उलट, उजवीचा वाढवा.

फ्लुइडएनसीमध्ये पुलऑफ प्रत्येक मोटरला वेगळा देता येतो. मार्लिनमध्ये एम६६६ ला वायचा आकडा द्या आणि एम५०० नं साठवा. न साठवता वीज बंद केली की सगळं पुन्हा करावं लागतं. साध्या जीआरबीएलमध्ये $२७ दोन्ही बाजूंना एकच असल्यानं स्विचची पट्टीच सरकवावी लागते. तिथं पट्टीला लांबट भोक आणि मागून एक ॲडजस्टिंग बोल्ट करून घ्या. बोल्टची पिच १ मिमी असेल तर पाव फेऱ्याला पाव मिमी सरकतं.

पुन्हा होम करा, पुन्हा भोकं मारा, पुन्हा मोजा. ८०० च्या चौकोनात कर्णांचा फरक ०.३ मिमीच्या आत आला की पॅटर्नच्या कामाला मी थांबतो. पोलादी टेपनं त्याहून बारीक मोजल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

इथं हात थांबवा

मोटर बंद असताना गँट्री हातानं ढकलून बघा. एका ठरावीक जागी जड लागत असेल किंवा मोकळी सोडल्यावर एका बाजूला स्वतःहून ओढत असेल, तर रेल समांतर नाहीत किंवा बॉलस्क्रू वाकलाय. स्विच कितीही सरकवले तरी तो दोष जात नाही. डायल इंडिकेटर घेऊन रेल बसवणाऱ्या माणसालाच बोलवा.

व्हीएफडीचं झाकण उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतदाब काही मिनिटं राहतो, किती ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं. शॉपची अर्थिंग संशयास्पद वाटली, पॅनेलला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मशीन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या. तोवर ऑपरेटरला मशीनजवळ जाऊ देऊ नका.

स्टेपरऐवजी सर्व्हो असतील आणि एका ड्राइव्हवर सारखा फॉलोइंग एररचा अलार्म येत असेल तर ट्यूनिंगच्या आकड्यांना हात न लावता पुरवठादाराला फोन करा. मशीन वॉरंटीत असेल तर कपलिंग किंवा पिनियन सोडू नका; बेल्टची असेल तर तिसऱ्या पायरीपर्यंत, नाहीतर दुसऱ्या पायरीपर्यंतच जा. स्विच दाबताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, तिसरी पायरी केली असेल तर त्यात दोन्ही मोटरच्या रेघा दिसू द्या, आणि तोच पाठवा. आणि येणारा माणूस काहीही उघडण्याआधी सगळ्या सेटिंगची यादी छापून पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा, दोन्ही लिमिट कनेक्टरांवर 'डावा' आणि 'उजवा' लिहून.